सड्यावर १२० मेगावॉटचा पवनऊर्जा प्रकल्प येतोय : सही करण्याआधी काय तपासावं?

प्रश्न : कातळवाट

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात समुद्रापासून सहा-सात किलोमीटर आत तीन गावांचा मिळून सलग सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) आहे, उंची १२०-१३० मीटर. तिथे ३ मेगावॉटची ४० यंत्रं बसवायचा एका कंपनीचा प्रस्ताव आहे. मनोरा १४० मीटर आणि पंख्याचा व्यास १४४ मीटर असं पत्रकात दिलंय. वारा मोजायचा मास्ट ऑक्टोबरमध्ये उभा राहिला. मेअखेरपर्यंतची सरासरी सेकंदाला ४.८ मीटर आली आणि 'वारा बेताचाच आहे, त्यामुळे भाडं याहून जास्त परवडणार नाही' असं कंपनीच्या माणसांचं म्हणणं आहे. जमीनमालकांच्या हाती दोन कागद दिलेत, एक ३० वर्षांचा करार आणि सोबत कुलमुखत्यारपत्र.

जाणकारांना विचारायचं ते असं. या वाऱ्यावर प्रकल्प चालेल का, आणि ते आम्ही कागदावरून कसं ओळखायचं? जांभ्यावर एवढा मोठा पाया टिकतो का, आणि सड्याखालच्या विहिरींचं काय? सातबारावर वीस-पंचवीस नावं, निम्मे मुंबईत, अशा जमिनीचा करार कसा करावा? गावात विरोध नाही, पण नंतर पस्तावायची वेळ नको.

---

वारामापी

कातळवाट, ४.८ हा आकडा खरा असेलही, पण त्यावरून काहीच ठरत नाही, ना कंपनीच्या बाजूने ना तुमच्या. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत कोकणातला मुख्य वारा आलेलाच नाही. आपल्या किनाऱ्यावर यंत्राची खरी कमाई जून ते सप्टेंबर, त्यातही जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. एरवी दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा तेवढा कामाचा. रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा मंदच असतो.

वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ४ मीटर आणि ८ मीटर यांत वेगाचा फरक दुपटीचा, पण ऊर्जेचा आठपटीचा. (यंत्राची कमाल क्षमता गाठली की पुढची वाढ थांबते, म्हणून प्रत्यक्षात आठपट वीज मिळत नाही, पण अंदाजाला हे धरून चाला.) त्यामुळे कोकणात वार्षिक सरासरी कुणी सांगितली तरी ऐकून घ्यावी आणि लगेच महिनावार तक्ता मागावा. पावसाळ्याचे चार महिने वगळून काढलेल्या सरासरीवर भाडं ठरवणं म्हणजे आंब्याचा हंगाम वगळून बागेचं उत्पन्न मोजणं.

मास्टचा अहवाल हाती आला की पुढच्या गोष्टी बघा.

निदान सलग १२ महिन्यांच्या नोंदी हव्यात, दोन वर्षांच्या असतील तर उत्तम. 'वर्षभरात ९५ टक्के नोंदी मिळाल्या' हे वाक्य फसवं असतं. गेलेले ५ टक्के म्हणजे १८ दिवस. ते फेब्रुवारीतले असतील तर काही बिघडत नाही, जुलैतले असतील तर अख्ख्या वर्षाचा हिशोब चुकतो. आणि कोकणात ते जुलैतलेच असण्याची शक्यता जास्त, कारण सौर पॅनेलला ऊन नसल्यामुळे बॅटरी उतरणं, केबलच्या जोडात पाणी जाणं हे सगळं तेव्हाच होतं. नोंदी किती मिळाल्या याची टक्केवारी महिनावार मागा.

वेगमापकाच्या वाट्या फिरतात त्या बेअरिंगमध्ये खारी हवा शिरली की घर्षण वाढतं आणि वेग कमी दिसायला लागतो. म्हणून एकाच उंचीवर दोन बाजूंना दोन वेगमापक असावेत, म्हणजे एकाने दगा दिला की लगेच कळतं. कॅलिब्रेशनचे (मापक बरोबर मोजतो का याच्या तपासणीचे) दाखले अहवालाला जोडलेले असतात, त्यांच्या तारखा बघा.

मास्ट १०० मीटरचा आणि मनोरा १४० मीटरचा असेल तर वरच्या ४० मीटरचा वेग हिशोबाने काढलेला असतो. उघड्या कातळावर उंचीनुसार वेग हळू वाढतो, आंबा-काजूच्या दाट बागांवर झपाट्याने. मास्ट बागेला लागून असेल आणि यंत्रं उघड्या सड्यावर, तर हा हिशोब फुगतो. वेगवेगळ्या तीन-चार उंचींवरच्या नोंदी किंवा काही महिने लायडार (जमिनीवरून लेझरने वारा मोजणारं यंत्र) लावून घेतलेली मोजणी यावर उतारा ठरते.

शेवटी अहवालात पी-५० आणि पी-९० असे उत्पादनाचे दोन आकडे असतात. पी-५० म्हणजे तेवढी किंवा त्याहून जास्त वीज मिळण्याची शक्यता निम्मी, पी-९० म्हणजे ती शक्यता दहात नऊ. बँका पी-९० कडे बघतात. तुम्हीही तोच बघा. एक यंत्र वर्षभर सरासरी २५ टक्के क्षमतेने चाललं तर ३ मेगावॉटमागे ६५.७ लाख युनिट होतात, २० टक्क्यांनी ५२.६ लाख. भाडं उत्पन्नाच्या टक्केवारीत मागणार असाल तर हा फरक तुमच्या खिशातला आहे.

आता जागेचं. सड्याच्या पश्चिमेच्या कड्यावर उभं राहिलं की वारा अंगावर येतो, म्हणून यंत्र तिथेच लावावंसं वाटतं. पण उभ्या कड्यावर वारा खालून वर तिरका चढतो आणि कडा ओलांडताना फाटतो. पंख्याच्या खालच्या आणि वरच्या भागावर वेगळा भार येतो, बेअरिंग आणि पाती लवकर थकतात. वाऱ्याचा चढ आठ अंशांपर्यंत असेल असं धरून यंत्राची रचना केलेली असते. कड्यापासून आत सरकलेली जागा दिसायला कमी वाऱ्याची, पण यंत्र तिथे जास्त वर्षं टिकतं.

जागा पुरते का, हे तुम्ही स्वतः नकाशावर बघू शकता. वारा पश्चिमेचा, म्हणून रांगा दक्षिणोत्तर. रांगेत दोन यंत्रांमध्ये व्यासाच्या चौपट, म्हणजे साधारण ५७५ मीटर. दोन रांगांमध्ये सातपट, म्हणजे एक किलोमीटर. दहा यंत्रांच्या चार रांगा धरल्या तर पाच किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद सलग सडा लागेल. त्यातून वाड्या वजा करा. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरापासून ५०० मीटर, आणि रस्ता, इमारत, उच्चदाबाची वाहिनी यांपासून मनोऱ्याची उंची अधिक अर्धा व्यास अधिक ५ मीटर, म्हणजे तुमच्याकडे २१७ मीटर अंतर हवं. विखुरलेल्या वाड्यांमुळे ४० यंत्रं बसत नाहीत असं दिसलं, तर एकतर संख्या कमी होईल किंवा अंतरं कमी केली जातील. अंतरं कमी केली की मागच्या रांगांना पुढच्यांचा उष्टा वारा मिळतो आणि उत्पादन पडतं.

कोकणात हे नवीन नाही. १९८६ साली देशात पवनविजेचे पहिले प्रकल्प उभे राहिले ते किनाऱ्यांवरच, गुजरातेत ओखा, तमिळनाडूत तिरुनेलवेली आणि महाराष्ट्रात आपला कोकण किनारा. यंत्रं होती ५५ किलोवॅटची. पुढे मोठे प्रकल्प साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर गेले, कारण तिथे ११५० मीटर उंचीवर वारा सह्याद्री चढून जोरात येतो. समुद्रसपाटीजवळ हवा साधारण दहा टक्के जास्त घन असते हा आपला फायदा, पण वेग तीन-चार टक्क्यांनी वाढला तरी तो भरून निघतो. आता १४० मीटरचे मनोरे आणि मोठे पंखे आल्यामुळे कमी वाऱ्याच्या जागाही हिशोबात बसायला लागल्यात, म्हणून पुन्हा किनाऱ्याकडे लक्ष आहे.

---

जांभा-शेडी

पायाबद्दल लिहितो. 'कातळच आहे, पाया स्वस्तात होईल' असं बैठकीत कुणी म्हणालं तर तिथेच थांबवा.

सड्याचा वरचा जांभा कठीण असतो, पण तो सलग खडक नाही. त्यात पोकळ्या, नळ्या, मातीचे खिसे असतात. काही मीटर खाली गेलं की शेडी लागते, पांढुरकी-गुलाबी मऊ माती. विहीर खणणाऱ्यांना ती बरोबर ठाऊक असते. कोरडी असताना शेडी टणक वाटते, पाण्याने भरली की ताकद सोडते. वरच्या कवचाची जाडी एका यंत्राखाली आठ मीटर आणि पुढच्या यंत्राखाली अडीच मीटर असू शकते. म्हणून प्रत्येक यंत्राच्या जागी बोअर हवंच, २५-३० मीटर खोल, आणि एकावर न थांबता मध्यभागी एक आणि कडेला दोन-तीन. शिवाय पोकळ्या शोधायला विद्युतरोधाची भूभौतिक तपासणी. 'दर पाच यंत्रांमागे एक बोअर' हे दख्खनच्या बेसॉल्टवर एक वेळ चालेल, जांभ्यावर नाही.

पाया म्हणजे गोल राफ्ट (काँक्रीटची जाड चकती), अशा यंत्राला साधारण २० मीटर व्यासाचा, तीन मीटरच्या आसपास खोल. सुमारे ५०० घनमीटर काँक्रीट आणि ४५ ते ५५ टन लोखंड. ओतकाम एका दमात, मध्ये थंड सांधा (आधीचा थर घट्ट झाल्यावर पुढचा ओतल्याने राहणारी कच्ची जोड) पडता कामा नये. ताशी ४५ घनमीटर धरले तर ११ तास, सहा घनमीटरच्या मिक्सरच्या ८४ खेपा. एवढ्या खेपांना काँक्रीट बनवायचा बॅचिंग प्लांट सड्यावरच हवा. गावच्या रस्त्याने हे होणार नाही. काँक्रीट गाभ्यात ७० अंशांच्या वर तापू नये, आणि गाभा व पृष्ठभाग यांत २० अंशांहून जास्त फरक नको. म्हणून बर्फ घालून, संध्याकाळी सुरुवात करून रात्रभर ओततात. एप्रिलच्या दुपारी ओतलेल्या राफ्टला तडे जातात आणि ते मातीखाली गाडले गेल्यावर कुणाला दिसत नाहीत.

कोकणात हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे पाण्याचा उचल-दाब. जुलैत सड्यावर पाणी उभं असतं, म्हणजे भूजल जमिनीच्या पातळीला. २० मीटर व्यास आणि तीन मीटर खोली धरली तर वरच्या दिशेचा रेटा जवळपास ९४० टन होतो. काँक्रीट १२५० टन आणि वर भरलेली माती ८०० टन धरली तर एकूण २०५० टनांतून हे ९४० टन वजा. वाऱ्याचा सर्वात मोठा भार नेमका याच दिवसांत. म्हणून रचना 'पूर्ण पाण्याखाली' धरूनच करायला हवी. संकल्पचित्राच्या पहिल्या पानावर भूजलपातळी काय धरली आहे ते लिहिलेलं असतं. तिथे मेमधल्या बोअरची पातळी असेल तर चित्र परत पाठवा.

जुन्या चिरेखाणी नकाशावर दाखवून घ्या. बुजवलेल्या खाणीवर क्रेनचा तळ आला तर ६००-७०० टनी क्रॉलर क्रेन तिथे कलते. क्रेनच्या तळाला चौरस मीटरला २०-२५ टन भार पेलणारी, रोलर मारून ठोकलेली जागा लागते.

विहिरींचा प्रश्न महत्त्वाचा. सड्यावर पडलेलं पाणी जांभ्याच्या भेगांतून शेडीच्या डोक्यावर साचतं आणि उतारावर झऱ्यांनी बाहेर येतं. तुमच्या खालच्या विहिरी त्यावरच. पायाचे खड्डे एकूण क्षेत्राच्या मानाने लहान, त्यांनी फार बिघडत नाही. बिघाड रस्ते करतात. सड्यावरून मुरुमाचा दीड मीटर उंच भराव टाकून रस्ता काढला की तो बांधासारखा पाणी अडवतो किंवा भलत्याच घळीत सोडतो. म्हणून दर ५०-६० मीटरला मोरी, आणि मूळ वहाळाच्या जागी नक्की. सुरुंग लावू देऊ नका, ब्रेकरने फोडा. कामाआधीच्या मेमध्ये प्रत्येक विहिरीची पाण्याची पातळी आणि झऱ्यांचा प्रवाह मोजून ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवा. आधीचा आकडा नसेल तर नंतर काहीही सिद्ध करता येत नाही.

आणि कातळशिल्पं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, देवीहसोळ ही त्यातली नावं तुमच्याच भागातली. कोरीव रेषा उथळ असतात, त्यावर मुरुम पसरून रोलर फिरला की संपलं. पायाच्या जागा सहसा तपासल्या जातात. क्रेनचे तळ, सामान ठेवायचं आवार, वळणावरचं रुंदीकरण तपासलं जात नाही. जानेवारीत, गवत वाळल्यावर आणि सकाळच्या तिरप्या उन्हात अख्खा सडा चालून पाहणी करा, आखणी त्यानंतर.

---

फेरफार

कातळवाट, कुलमुखत्यारपत्रावर सही नको. 'अपरिवर्तनीय' हा शब्द त्यात असेल तर अजिबातच नको. त्यात विक्री, गहाण, पोटभाडं, मोजणी, बिगरशेती असे सगळे अधिकार एका वाक्यात गोवलेले असतात. कंपनीला परवानग्यांसाठी अर्ज करायचे असतील तर तेवढ्याच कामापुरतं, मुदतीचं, विशेष मुखत्यारपत्र द्या.

भाडेपट्टा एक वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदणीकृतच हवा. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला ३० वर्षांचा करार कोर्टात उभा राहत नाही, आणि तो राहत नाही म्हटल्यावर तुमचीही वसुली अडते.

सामाईक सातबारा ही कोकणातली खरी अडचण. एका सहहिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा देता येतो, पण 'हीच जागा' म्हणून सड्यावरचा विशिष्ट तुकडा बाकीच्यांच्या सहीशिवाय देता येत नाही. एकतर सगळ्यांच्या सह्या, नाहीतर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून मोजणी. मयतांची नावं अजून तशीच असतील तर वारसनोंदी आत्ताच लावायला घ्या, हे काम महिनोन् महिने चालतं. इतर हक्काच्या रकान्यात कूळ, कुळकायदा कलम ४३ चा (जमीन हस्तांतरणावरच्या बंधनाचा) शेरा, देवस्थान, खाजगी वन यातलं काही आहे का बघा. खाजगी वनाचा शेरा असेल तर वनखात्याचा प्रश्न सुटेपर्यंत तिथे खड्डाही मारता येणार नाही.

करारात क्षेत्र नेमकं लिहून घ्या. एका यंत्राला पाया, क्रेनचा तळ आणि ट्रान्सफॉर्मर मिळून साधारण एक हेक्टर पुरतं. बरेच मसुदे मात्र पूर्ण गट नंबर बांधून घेतात. रस्ता आणि वाहिनी वेगळ्या दाखवा, गुरं चारायचा आणि गवत कापायचा हक्क राखून ठेवा. भाडं 'दर मेगावॉटला ठरावीक रक्कम किंवा विक्रीच्या उत्पन्नाचे ठरावीक टक्के, यातलं जे जास्त' असं मागा. किमान रक्कम दर तीन वर्षांनी वाढती. दोन वर्षांत काम सुरू झालं नाही तर करार आपोआप रद्द, हे कलम विसरू नका, कारण वारा कमी निघाला तर कंपनी जमीन अडकवून बसते.

वाहिनीच्या मोबदल्यात एक फट आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जून २०२४ च्या सूचनांत मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के असा हिशोब आहे, पण तो ६६ केव्ही (किलोव्होल्ट) आणि त्यावरच्या पारेषण वाहिन्यांना. यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या वाहिन्या ३३ केव्हीच्या असतात, त्या यात येत नाहीत. त्यांचा दर करारातच ठरवून घ्यायचा.

शेवटची गोष्ट म्हणजे यंत्र काढून नेणं. २५ वर्षांनी मनोऱ्याचं लोखंड भंगारात जाईल, पण पाती काचतंतूंची असतात, त्यांना गिऱ्हाईक नसतं. पाती उचलणं आणि पाया जमिनीखाली एक मीटरपर्यंत फोडून माती पसरणं यासाठी बँक हमी हवी. ती दहाव्या वर्षापासून टप्प्याटप्प्याने वाढती ठेवली तर कंपन्या मान्य करतात. कंपनी विकली गेली तरी जबाबदारी नव्या मालकावर येईल असं स्पष्ट लिहा.

जनसुनावणी होईल म्हणून थांबू नका. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही, त्यामुळे त्या मार्गाने सुनावणी होत नाही. वर वारामापी आणि जांभा-शेडी यांनी सांगितलेले कागद ग्रामसभेच्या ठरावाने मागायचे.

---

कातळवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. महिनावार तक्ता आणि विशेष मुखत्यारपत्र या दोन्ही गोष्टी येत्या ग्रामसभेत मांडतो. अजून दोन शंका. बागायतदार म्हणतात, पवनचक्क्यांनी पाऊस पळतो आणि हापूसचा मोहोर जातो. आणि पावसाळ्यात यंत्र बंद पडलं तर दुरुस्ती कशी होते? सड्यावर जुलैत ट्रॅक्टरही जात नाही.

---

तेहतीस केव्ही

दुसऱ्या शंकेचं आधी. तुम्ही नेमकं दुखणं ओळखलंत. कोकणातल्या प्रकल्पाचं वेळापत्रक असं की बांधकाम आणि मोठी दुरुस्ती ऑक्टोबरअखेर ते मेच्या मध्यापर्यंतच, आणि उत्पादन उरलेल्या काळात. जुलैत गिअरबॉक्स गेला तर मोठी क्रेन ऑक्टोबरशिवाय सड्यावर चढत नाही आणि त्या यंत्राचं वर्ष गेलं. म्हणून ३१ मेच्या आत सगळी सर्व्हिस, गिअर तेलाची तपासणी, पिचच्या (पात्यांचा कोन बदलणाऱ्या यंत्रणेच्या) बॅटऱ्या बदलणं, ब्रेकच्या पट्ट्या बघणं पूर्ण हवं. यॉ मोटर (पंखा वाऱ्याकडे वळवणारी), कन्व्हर्टरचे (यंत्राची वीज वाहिनीजोगी करणाऱ्या उपकरणाचे) मॉड्यूल, ३३ केव्हीचा ब्रेकर आणि एक सुटा ट्रान्सफॉर्मर सड्यावरच्या गोदामात हवा. यंत्रापर्यंतचा रस्ता निदान जीपला बारमाही जाता येईल असा खडीचा.

करारात 'यंत्राची उपलब्धता वार्षिक ९६ टक्के' असं लिहितात. चार टक्के म्हणजे वर्षाचे साडेचौदा दिवस, आणि ते जुलैत गेले तरी करार पाळला असंच दिसतं. भाडं टक्केवारीत असेल तर उपलब्धता ऊर्जेवर मोजलेली किंवा महिनावार मागा.

किनाऱ्याजवळ काय बिघडतं ते सांगतो. ऑक्टोबर ते मे पाऊस नसल्यामुळे इन्सुलेटरवर मिठाचा थर चढतो. पहिल्या वळवाच्या रिमझिमीत किंवा धुक्यात तो ओला होतो आणि फ्लॅशओव्हर, म्हणजे इन्सुलेटरवरून ठिणगी उडून वाहिनी बंद. जोराच्या पावसात हे होत नाही, मीठ धुऊन जातं. उपाय म्हणजे जास्त क्रीपेजचे (पृष्ठभागाची वाट लांब असलेले), केव्हीला ३१ मिलिमीटरचे इन्सुलेटर, शक्यतो सिलिकॉन रबरचे, आणि एप्रिलमध्ये धुलाई. ३३ केव्हीच्या तारा बागांतून नेल्या तर जून-जुलैत फांद्या पडून फीडर (यंत्रांची वीज उपकेंद्रात नेणाऱ्या वाहिन्या) ट्रिप होतात, एका फीडरवर सहा-सात यंत्रं असतील तर सगळी एकदम थांबतात. बागेच्या टप्प्यात भूमिगत केबल महाग पडते, तरी तिथे तीच बरी.

अर्थिंगला जांभा वाईट, विद्युतरोध फार. वीज जास्त पडते ती एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये, तेव्हा वरचा कातळ कोरडा असतो. पायाभोवती रिंग घालून शिवाय बोअर मारून इलेक्ट्रोड शेडीपर्यंत उतरवावे लागतात. पायाला नकोशी असलेली तीच ओलसर शेडी अर्थिंगला मात्र हवी. मोजणी मेमध्ये करून १० ओहमच्या आत दाखवा म्हणावं. ऑगस्टमधली मोजणी धरू नका.

पात्यांची टोकं सेकंदाला ८०-९० मीटरने फिरतात. त्या वेगात पावसाचा थेंब पुढच्या कडेचा लेप खरवडतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत धार खडबडीत होऊन उत्पादन घसरतं. ऑक्टोबरमध्ये ड्रोनने पाहणी आणि कोरड्या दिवसांत लेप, दमट हवेत तो नीट वाळत नाही.

वादळांचाही विचार करावा लागतो. निसर्ग ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. कमी वाऱ्याच्या जागांसाठी मोठ्या पंख्याची श्रेणी-३ ची यंत्रं देतात, त्यांची रचना दहा मिनिटांच्या सरासरीने सेकंदाला ३७.५ मीटर वाऱ्यासाठी असते. सरासरी वारा कमी आहे म्हणून ती श्रेणी बरोबर, पण वादळाच्या वाऱ्याला ती पुरते का हे जागेपुरतं वेगळं तपासलेलं पत्र यंत्रनिर्मात्याकडून घ्यायला लावा. आणि वादळात वीज जातेच. वीज गेली की नॅसेल (मनोऱ्याच्या डोक्यावरची यंत्रपेटी) वाऱ्याकडे तोंड वळवू शकत नाही, बाजूने भार येतो. यॉला स्वतंत्र बॅकअप आहे का, हा प्रश्न विचारा. दोन दिवस वीज नसेल तर कन्व्हर्टरच्या कपाटात दव धरतं. आधी हीटरने वाळवल्याशिवाय चालू केलं तर मॉड्यूल जळतो.

---

मोहोर

बागायतदारांच्या शंकेवर.

पाऊस पळत नाही. सातारा-सांगलीकडेही अशी ओरड झाली होती. पावसाळी वारा शेकडो किलोमीटर समुद्रावरून कित्येक किलोमीटर जाडीने येतो. हे यंत्र जमिनीपासून २१२ मीटरपर्यंतच्या थरातला थोडा वेग काढून घेतं, ढगातलं बाष्प नाही.

मोहोराचा प्रश्न थोडा खोलात जाऊन बघावा लागतो. हापूसला मोहोरायला डिसेंबर-जानेवारीत थंड रात्री लागतात. फिरता पंखा वरची आणि खालची हवा ढवळतो, आणि टेक्सासमधल्या मोठ्या प्रकल्पांखाली रात्रीचं जमिनीचं तापमान किंचित वाढल्याचं उपग्रहांच्या नोंदींत दिसलं आहे. पण आपल्याकडे त्या दिवसांत रात्री वारा मंद, बराच वेळ यंत्र सुरू व्हायला लागतो त्या सेकंदाला ३ मीटरच्याही खाली. पंख्याचं खालचं टोक ६८ मीटरवर, आणि बागा बहुतेक सड्याच्या उतारावर. त्यामुळे मला यात मोठा धोका दिसत नाही. तरी यंत्रांच्या अगदी लगतच्या बागांत आधीच्या दोन हिवाळ्यांचं रात्रीचं तापमान नोंदवून ठेवायला साधं नोंदयंत्र पुरतं.

खरं नुकसान धूळ करते. बांधकामाचा हंगाम आणि मोहोराचा हंगाम एकच. मुरुमाच्या रस्त्यावरून दिवसाला शेकडो खेपा झाल्या की रस्त्याकडेच्या झाडांच्या मोहोरावर लाल थर बसतो, परागीभवन आणि फळधारणा दोन्ही मार खातात. बागेलगतच्या टप्प्यावर दिवसातून निदान तीनदा पाणी मारणं, किंवा तेवढ्या टप्प्याला आधीच डांबर, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी बागेतून जाणारा रस्ता न वापरता पर्यायी मार्ग, हे करारात घालून घ्या.

झाडांवर संकट येतं ते पाती नेतानाही. पातं ७० मीटर लांब. जयगड बंदरातून किंवा मुंबई-गोवा महामार्गाने आलं तरी फाट्यापासून सड्यापर्यंत वळणाची त्रिज्या ५०-६० मीटर लागते. पातं उभं तिरकं धरणारा ट्रेलर वापरला तर बरीच झाडं आणि घरांचे कोपरे वाचतात, पण तो महाग आणि वारा असताना चालत नाही. कंपनीकडून मार्गाची पाहणी मागा, त्यात तोडायच्या प्रत्येक झाडाचा नंबर असतो. साकव असेल तर नॅसेलच्या ८०-१०० टन वजनाला तो पुरणार नाही, बाजूने तात्पुरता रस्ता काढावा लागेल. जुन्या उंच आंब्यांवर समुद्री गरुडाचं घरटं असेल तर ते झाड आणि त्याच्या आसपासची यंत्राची जागा आधीच बाजूला काढा.

---

वारामापी

तेहतीस केव्हींच्या मुद्द्याला जोडून. पाती चढवताना वरचा वारा सेकंदाला ८-१० मीटरच्या आत लागतो. मार्च ते मे दुपारी बारानंतर खारा वारा सुटला की काम थांबतं, म्हणून उचल पहाटे ते साडेदहा-अकरापर्यंत. ४० यंत्रं एका हंगामात उभी करतो असं कंपनी म्हणाली तर क्रेन किती आणि रोजचे तास किती हे विचारा. एका मोठ्या क्रेनला एक यंत्र उभं करून पुढच्या जागी जायला आठवडा धरला, तरी नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत अठ्ठावीसच्या वर जात नाही, आणि त्यातले पहिले महिने तर पायांतच जातात. अर्धवट मनोरे पावसाळ्यात उभे ठेवणं धोक्याचं असतं, नॅसेल-पात्यांशिवायचा नुसता मनोरा वाऱ्याने डोलायला लागतो. दोन हंगामांचं वेळापत्रक मागून घ्या. पहिल्या हंगामात रस्ते, पाये आणि उपकेंद्र, दुसऱ्यात उभारणी. पहिला हंगाम सुरू होण्याआधीच्या पावसाळ्यात मास्टच्या जून ते सप्टेंबरच्या नोंदीही हाती येतील, आणि भाड्याची बोलणी त्यावर करता येतील.

---

फेरफार

वारामापी म्हणतात तसं करायचं तर आत्ता भाडेपट्टा न करता फक्त मोजणी आणि बोअरसाठी १८ महिन्यांचा परवानगी करार करा. त्यातही मुदत एक वर्षाहून जास्त, म्हणून नोंदणी करूनच. त्यात वेगळं शुल्क, बोअर बुजवून देण्याची अट, आणि मास्टच्या महिनावार नोंदी व बोअरचे अहवाल ग्रामपंचायतीला एक प्रत देण्याची अट घाला. भाडेपट्ट्याचा दर त्या नोंदी आल्यावर ठरेल एवढंच त्यात लिहायचं. तोवर वारसनोंदी आणि वाटपाची कामं उरकून घ्या.